भिंतीवर गेलेली भांडी

मिस्त्रींना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. कारखान्यातून निवृत्त झाले, टक्कल पडलं, गुडघे कुरकुरू लागले, तरी 'मिस्त्री' हे चिकटलं ते चिकटलंच. त्यांना 'बाळ्या' म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण, आक्का. वरच्या मजल्यावरून "बाळ्याऽऽ" अशी हाक आली की हा साठी उलटलेला गृहस्थ हातातला पाना टाकून जिना चढायला लागायचा. तळमजल्यावर शिवणयंत्र घेऊन बसणारी शिंपीणबाई हसायची. म्हणायची, "जा मिस्त्री, आईसाहेबांचं बोलावणं आलं. उशीर झाला तर कान धरतील."

आईच म्हणायची ती. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा मिस्त्रींना नाक पुसायचीही अक्कल नव्हती आणि आक्काच्या पाठीवर अजून शाळेच्या वेण्या होत्या. त्या वेण्या गुंडाळून ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कांदे सोलायला लागली. कांदे सोलता सोलता भाजी चिरायला लागली, भाजी चिरता चिरता फोडणीवर आली, आणि केस पांढरे व्हायच्या आत अख्खं स्वयंपाकघर तिच्या शब्दावर चालू लागलं. भाऊ मोठा झाला तसा तिनेच साहेबांना गाठून त्याला यंत्रशाळेत चिकटवला. त्याचं लग्नही तिनेच लावलं. स्वतःचं का झालं नाही हे तिने कधी सांगितलं नाही, मिस्त्रींनी कधी विचारलं नाही. पुढे मिस्त्रींची बायको आजारपणात गेली आणि मागे पाळण्यातली मुलगी राहिली. आक्काने पुन्हा बाह्या सरसावल्या. "माझ्या नशिबी दुसऱ्यांचीच पोरं वाढवणं लिहिलंय," असं कुरकुरायची, आणि त्याच दमात त्या दुसऱ्यांच्या पोरीच्या वाटीत दुधावरची सगळी साय काढून घालायची.

कारखान्याने कॅन्टीन कंत्राटावर दिलं तेव्हा जुनी भांडी भंगारात निघाली. आक्का भंगारवाल्याच्या आधी तिथे जाऊन उभी राहिली. जाड बुडाचं पितळी पातेलं, हातभर रुंद चाळणी, लांब दांड्याचा डाव, पोट सुटलेली किटली आणि एक लोखंडी तवा एवढं तिने हातगाडीवर घालून घरी आणलं. निरोप समारंभात तिला भिंतीवरचं घड्याळही मिळालं होतं. ते वर्षभरात बंद पडलं. कुणी त्याकडे बघितलं की ती म्हणायची, "साहेबांनी दिलेलं थांबलं. भंगारातलं अजून चालतंय."

त्या भांड्यांना मिस्त्रींनी हात लावलेला तिला खपत नसे. "तुझ्या हाताला यंत्र कळतं बाळ्या, मीठ कळत नाही. तू पाणी उकळायला ठेवलंस तरी करपेल." मिस्त्री मुकाट्याने ताटावर बसत. पण बसण्याआधी परीक्षा असायची. ती त्यांचा पंजा उलटासुलटा करून पाहायची आणि नखांत यंत्राचं काळं तेल दिसलं की मोरीकडे बोट दाखवायची. "हात धू." निवृत्तीनंतर नखांत तेल कुठलं असायला? परीक्षा मात्र सुटली नाही.

मग एक दिवस भाजीत मीठ दोनदा पडलं. मिस्त्रींनी पाणी पीत पीत जेवण संपवलं. काही दिवसांनी मीठ अजिबातच पडलं नाही. तेही त्यांनी गोड मानून घेतलं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तिचा फोन आला की म्हणायचे, "आत्या ठणठणीत आहे. थोडं विसरते, वयच झालं ना." माणूस स्वतःलाच किती समजावू शकतो, याला काही मर्यादा नसते.

एका दुपारी आक्काने दूध शेगडीवर ठेवलं आणि जाऊन झोपली. मिस्त्री खाली कुणाची तरी सायकल नीट करत होते. जळका वास आधी शिंपीणबाईला आला. दोघं धावत वर गेली तेव्हा पातेलं लालबुंद झालं होतं आणि खिडकीच्या पडद्याने पेट घेतला होता. शिंपीणबाईने बादली ओतली, मिस्त्रींनी पडदा ओढून पायाखाली तुडवला. त्या गडबडीत आक्का डोळे चोळत दारात आली आणि ओरडली, "माझं दूध कुणी सांडलं?"

डॉक्टर बाई भली होती. तिने आक्काशी शांतपणे गप्पा मारल्या, मग मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं, "हे बरं होणारं दुखणं नाही. आपण फक्त सांभाळायचं. आणि पहिली गोष्ट म्हणजे शेगडीपासून लांब ठेवा."

मिस्त्रींनी गॅसच्या नळीवर कुलपाचा चाप बसवला आणि भांडी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. जेवण शिंपीणबाईकडून येऊ लागलं. झालं, प्रश्न मिटला असं त्यांना वाटलं. पण आक्का सकाळी उठली ती सरळ रिकाम्या फळीपुढे जाऊन उभी राहिली. तिने कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, मग घराबाहेर पडली. गल्लीत दारोदार जाऊन विचारू लागली, "माझं पातेलं आणलंत का तुमच्याकडे?" लोक आधी हसले, मग दारं लोटून घेऊ लागले. शेवटी ती शिंपीणबाईसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "तूच नेलंस ना? दे परत. मी कुणाला सांगणार नाही."

शिंपीणबाईची आणि तिची मैत्री तीस-पस्तीस वर्षांची. आक्काने तिची बाळंतपणं काढलेली. शिंपीणबाईने "नाही हो आक्का," एवढंच म्हटलं आणि मान खाली घालून यंत्र चालवत राहिली. सुईखाली कापड नव्हतं.

पण तोडगा तिनेच सुचवला. एका गिऱ्हाइकाच्या घरी तिने जुन्या किटलीत लावलेलं झाड पाहिलं होतं. "भांडी डोळ्यांसमोर राहू देत की मिस्त्री. फक्त शेगडीवर चढता येणार नाहीत असं करा. दिवा करा, कुंडी करा. तुमच्या हाताला काय अवघड आहे?"

मिस्त्रींना ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्याआधीच त्यांचे हात शिवशिवू लागले होते. निवृत्तीपासून सायकली आणि कुलपांवर दिवस ढकलणाऱ्या माणसाला खरंखुरं काम मिळालं होतं. त्यांनी जिन्याखालच्या खोलीत पकड साफ केली, ड्रिल मशीनला तेल दिलं आणि पोतं खाली आणलं.

चाळणी पहिली. ती पालथी घालून मधोमध भोक पाडलं, कडा कानशीने घासल्या, वायर कापली जाऊ नये म्हणून भोकात रबर बसवलं, होल्डर लावला आणि जेवणाच्या टेबलावर टांगली. दिवा लावताच भिंतीभर प्रकाशाचे कवडसे उधळले. तव्यावरची वर्षानुवर्षांची काजळी त्यांनी घासून काढली, मध्ये नवं घड्याळाचं यंत्र बसवलं. डावाचा दांडा तापवून वाकवला, त्याचा किल्ल्यांचा आकडा झाला. किटलीच्या बुडाला भोकं पाडून माती भरली आणि शिंपीणबाईने दिलेली वेल लावली. पातेलं शेवटी घेतलं. पितळ जुनं, जाड; मशीन त्यावर किंचाळलं. मिस्त्रींनी ते बंद केलं. याच पातेल्यातलं दूध पिऊन आपली मुलगी मोठी झाली, हे त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी बुडात बोल्ट घातले, पातेलं पालथं करून वर लाकडी फळी बसवली, आणि आक्काच्या खुर्चीशेजारी एक देखणं तिवईसारखं टेबल उभं राहिलं.

घराचं रूप पालटलं. गल्लीतली माणसं बघायला आली आणि तोंडात बोटं घालून गेली. मुलीने फोनवर घर पाहिलं आणि ओरडली, "बाबा, हे दुकानातलं वाटतंय! माझ्या घरी कधी करताय?" मिस्त्रींची छाती फुगली. कितीतरी दिवसांत कुणी त्यांच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. आणि सगळ्यांत मोठं सुख म्हणजे आक्काची शोधाशोध थांबली. ती चाळणीच्या दिव्याखाली हात मांडीवर ठेवून शांत बसू लागली. फारच शांत. पाण्याचा पेला दिला तर "कशाला त्रास घेतलात?" म्हणू लागली. मिस्त्रींना वाटलं, थट्टा करतेय.

एका संध्याकाळी ती उठली, स्वेटर चढवला आणि चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?"

"चल बाळ्या, निघू या आता. किती वेळ बसायचं लोकांच्यात? ते जेवायला थांबा म्हणतील, आणि तू मेल्या लगेच ताटावर बसशील."

"आक्का, हे आपलंच घर आहे."

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं खोटं बोलणाऱ्या पोराकडे पाहावं. "आपलं? आपल्या घरात स्वयंपाकघर आहे."

मिस्त्रींनी तिला दिव्याखाली नेलं. "ही बघ, तुझी चाळणी. कॅन्टीनमधली. आठवतंय?"

आक्काने मान वर करून नीट पाहिलं. "छान आहे," ती घरच्या मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आमच्याकडेपण अशीच आहे." मग त्यांच्या कानाशी लागून पुटपुटली, "चाळणी कुणी टांगतं का रे? पैसेवाल्यांचे चोचले. चल लवकर."

मिस्त्रींना तेव्हा कळलं. आक्काचं घर भिंतींनी झालेलं नव्हतं. फळीवरची ती पाच भांडी, त्यांचा आवाज, त्यांच्यातून येणारी वाफ, एवढ्यावर ते उभं होतं, आणि आपण ते कौतुकाने, हसत हसत, भिंतीवर टांगून टाकलं. लोकांनी वाहवा केली तेव्हा आक्का या घरात पाहुणी होऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं उतरवलं. दिवा सोडवला, वेल दुसऱ्या कुंडीत हलवली, डावाचा दांडा पुन्हा सरळ केला. तो पूर्वीसारखा सरळ झाला नाही. पितळेचे तुकडे कापून भोकांवर बसवले, झाळून बुजवले, घासले. तव्याचं भोक रिव्हेट मारून बंद केलं. पातेल्यात पाणी भरून पाहिलं, थेंबही गळला नाही. सगळी भांडी त्यांनी फळीवर जुन्या जागी मांडली आणि आक्काला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं.

आक्काने पातेलं उचललं. आतून तळावर अंगठा फिरवला. अंगठा ठिगळावर अडला.

"हे कुणी लावलं?"

"मी लावलं."

"हात चांगला आहे हो तुमचा," ती मनापासून म्हणाली. "माझा भाऊपण मिस्त्री आहे." मग तिने पातेलं अलगद फळीवर ठेवलं. "पण हे भांडं आमचं नाही. आमच्या भांड्याला ठिगळ नव्हतं."

मिस्त्री मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहिले. पाणी वाहत राहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचं घरी जायचं सुरू झालं. समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी समजावणं सोडलं. तिला चपला घालायचे, हात धरून खाली उतरायचे, गल्लीला वळसा घालून त्याच दाराशी यायचे आणि म्हणायचे, "आलं बघ घर." कधी ती समाधानाने आत शिरायची. कधी उंबऱ्याशी थांबून म्हणायची, "तुम्ही सोडायला आलात, उपकार झाले. आता तुम्ही जा. माझा भाऊ येईलच कामावरून."

अशाच एका संध्याकाळी मिस्त्रींना काय करावं सुचेना. ते "बरं" म्हणाले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. थोडा वेळ जिन्यावर बसले. मग उठून दार वाजवलं.

दार उघडलं. आक्काचा चेहरा उजळला. "आलास बाळ्या? किती उशीर!" तिने त्यांचा पंजा उलटा करून पाहिला. "हात धू."

मिस्त्री तिथेच उभे राहिले. मग ते गेले आणि साबण लावून, नखं घासून, यंत्रशाळेतून आल्यासारखे हात धुऊ लागले.

तेव्हापासून हे त्यांचं काम झालं. घरात बसलेला माणूस तिला परका वाटे, दारातून आलेला मात्र भाऊ वाटे. म्हणून मिस्त्री बाहेर जात आणि परत येत. एकदा पायरीवर बसलेले पाहून शिंपीणबाईने विचारलं, "काय मिस्त्री, किल्ली हरवली?"

"नाही हो. कामावरून घरी येतोय," मिस्त्री म्हणाले.

शिंपीणबाईने हातातल्या शर्टाचं बटण दातांनी दोरा तोडून पुरं केलं आणि नंतर एक उशी आणून गुपचूप त्या पायरीवर ठेवली.

थंडीत आक्काला खोकला झाला, खोकल्याचा ताप झाला, आणि तिला दवाखान्यात हलवावं लागलं. तिथेही मिस्त्री खाटेपासून उठून वॉर्डाच्या दाराबाहेर जात आणि पुन्हा आत येत. "आलो गं आक्का." नर्स वैतागली. "आजोबा, सारखं आत-बाहेर काय लावलंय? एका जागी बसा ना." मिस्त्री ओशाळून बसले. ती पाठमोरी होताच पुन्हा उठले. शेवटच्या दिवशी ते असेच आत आले तेव्हा आक्काने डोळे उघडले. तिने त्यांचा हात चाचपला, बोटांवरून बोटं फिरवली, नखांपाशी थांबली. हात स्वच्छ होते. तिने डोळे मिटले, आणि दुपार उलटायच्या आत गेली.

मुलगी आली, कडेवर तान्हं बाळ घेऊन. फळीवरची ठिगळं लावलेली भांडी पाहून तिला काही समजेना. "बाबा, दिवा कुठे गेला? मला आत्याची आठवण म्हणून तो हवा होता." मिस्त्रींनी सगळं सांगितलं. ती त्याच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली. जाताना म्हणाली, "चला माझ्याकडे. इथे एकटे काय करणार?" मिस्त्री म्हणाले, "बघू." जाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. तिने पातेलं मागून घेतलं. त्यात बाळाचं दूध तापवणार होती.

गल्लीतल्या लोकांनी त्या दिव्याचं, त्या घड्याळाचं वर्णन कुठे कुठे पोचवलं असावं. काही महिन्यांनी अनोळखी माणसं भांडी घेऊन जिन्याखालच्या खोलीत येऊ लागली. मिस्त्री आधी सरळ नाही म्हणायचे. मग एका म्हाताऱ्याने बायकोची किसणी पुढे केली आणि ती तशीच धरून दारात उभा राहिला, तेव्हा मिस्त्रींना ती घ्यावीच लागली. हळूहळू ते काम घेऊ लागले. पण प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायचे. "ज्यांचं भांडं आहे, त्या आहेत की गेल्या?" गेल्या म्हटलं तर ठेवून घ्यायचे.

एकदा एक बाई लोखंडी कढई घेऊन आली. ऑफिसातून परस्पर आली असावी, गळ्यात ओळखपत्र तसंच लोंबत होतं. "आईची आहे. हिचं दिवाणखान्यात शोभेल असं काहीतरी करा."

"आई आहेत?"

"आहे. पण आता तिला काही कळत नाही. पडूनच असते."

मिस्त्रींनी कढई फडक्याने पुसली आणि परत तिच्या हातात दिली. "मग आत्ता नको. घरी न्या, त्यांच्याजवळ ठेवा. हात लागू दे त्यांचा."

"अहो, तिला मीसुद्धा ओळखू येत नाही. कढई काय ओळखणार?" बाईचा आवाज चढला. "काम करायचं नसेल तर तसं सांगा."

"काम करायचंय," मिस्त्री म्हणाले. "पण आत्ता नको."

बाई तरातरा निघून गेली. शिंपीणबाईने दारातून डोकावून म्हटलं, "गिऱ्हाईक घालवलंत."

पावसाळा सरत आला तेव्हा ती पुन्हा आली. तीच कढई, या वेळी जुन्या चादरीत गुंडाळलेली. तिने ती बाकावर ठेवली आणि उभी राहिली. मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी स्टूल पुसून तिच्याकडे सरकवलं.

"उशाशी ठेवली होती," बाई बसत म्हणाली. "आई कडेवरून बोट फिरवत बसायची. एकदा मला म्हणाली, 'हिला तेल लाव गं, गंजेल.' मला 'गं' म्हणाली. किती दिवसांनी..." ती रडू लागली.

मिस्त्रींनी तिला पाणी दिलं. ती रडून होईपर्यंत ते कढईचा एकेक कान बघत बसले, जणू तिथे काही दुरुस्त करायचं होतं. मग म्हणाले, "काय काय करायच्या आई हिच्यात?"

बाई सांगू लागली. सुरुवातीला अडखळत, मग भरभर, मध्येच हसून, मध्येच डोळे पुसून. बाहेर शिंपीणबाईचं यंत्र थांबलं. तीही दाराशी येऊन ऐकत उभी राहिली. ड्रिल मशीन मिस्त्रींनी त्या दिवशी लावलंच नाही.